काडतूस नको, पातं द्या

फौजेत दाढी कोणी 'करत' नाही, ती उरकली जाते. बूट, बक्कल आणि दाढी ही तीन कामं सकाळच्या फॉल-इनआधी संपवायची, आणि तिन्हींमागचं कारण एकच, कुणीतरी तपासणार आहे. माझं म्हणणं असं, की चाळिशी ओलांडलेल्या फौजीनं, मग तो अधिकारी असो वा जवान, यातलं एक तरी काम तपासणाऱ्याच्या हातून काढून स्वतःकडे घ्यावं. मी दाढी घेतली. ब्रश, साबण आणि जुन्या पद्धतीचा दुधारी ब्लेडचा रेझर.

मेसमध्ये हा विषय निघाला की तरुण मेजर मंडळी हसतात, "सर, हे पेन्शनवाल्यांचं काम!" वरिष्ठ विचारतात, "वेळ कुठून आणतोस रे?" पहिल्यांना उत्तर द्यायची गरज नाही, तेही पेन्शनीत येतीलच. दुसऱ्यांचं उत्तर सोपं आहे. आधी दाढीला चार मिनिटं लागायची, आता बारा लागतात. मधली आठ मिनिटं मी पूर्वी मोबाइलवर युनिटच्या ग्रुपमधले 'सुप्रभात' वाचण्यात घालवत होतो.

खडकवासल्याला आम्ही दाढी शिकलो असं म्हणवत नाही. गालावर धड लव नव्हती तेव्हापासून रोज ब्लेड फिरवायचं, एवढं शिकलो. सिनियर हनुवटीखालून उलटं बोट फिरवायचा, खरखर लागली की परत जाऊन दाढी करून हजर. त्या सवयीचे उपकार मी मानतो. पुढे बर्फात, वाळूत, तंबूत, थंड पाण्याच्या मगात चेहरा बुचकळून आरशाशिवाय दाढी करता आली ती त्यामुळेच. पण त्या सगळ्यात आपल्या गालावर केस कोणत्या दिशेनं उगवतात हे मला पंचवीस वर्षांत ठाऊक नव्हतं. तिथे तो प्रश्नच नव्हता.

या रोजच्या दाढीमागे शिस्तीइतकाच युद्धाचा आणि व्यापाराचा हात आहे. ब्रिटिश फौजेत १९१६ पर्यंत वरचा ओठ भादरायला नियमानं मनाई होती, म्हणजे मिशी सक्तीची. ऑक्टोबर १९१६ मध्ये जनरल मॅक्रेडी यांच्या सहीनं तो नियम गेला. त्यांना स्वतःलाच मिशी आवडत नसे, सही झाल्यावर त्यांनीही ती उतरवली म्हणतात. तिकडे अमेरिकेत किंग कॅम्प जिलेट यांनी १९०३ या पहिल्या वर्षी अवघे ५१ रेझर आणि १६८ ब्लेडं विकली होती. पेटंट मिळालं १९०४ साली. मग महायुद्ध आलं आणि अमेरिकन सरकारनं सैनिकांसाठी सुमारे ३५ लाख रेझर घेतले. खंदकातून घरी परतलेला सैनिक रोज स्वतःची दाढी स्वतः करण्याची सवय सोबत घेऊन गेला. त्याआधी बहुतेक जण न्हाव्याकडे जाऊन आठवड्यातून एकदोनदा बसत.

विषारी वायूचा मुखवटा घट्ट बसावा म्हणून गुळगुळीत गाल हवा, हे कारण नेहमी सांगितलं जातं आणि ते खरंही आहे. पण त्यावरून 'दाढी नाही म्हणजे शिस्त' असं कुणी म्हणू लागलं, की मी २६ एप्रिल १९१५ ची आठवण देतो. ईप्रच्या लढाईत त्या दिवशी लाहोर डिव्हिजन वायूत आणि मशिनगनच्या माऱ्यात पुढे गेली. त्यात ४७ वी शीख पलटण होती, दाढ्यांसकट. तिची किती माणसं संध्याकाळी परतली हे वाचलं की चेहऱ्याच्या केसांवरून शिस्त मोजायची हिंमत होत नाही. आजही आमच्या शीख जवानाची बांधलेली दाढी पाहावी. तिला जितका वेळ आणि जितकी निगा लागते, तितकी आम्हा घोटलेल्यांपैकी कुणीही आपल्या गालाची राखत नाही.

आता काडतुसाबद्दल. कार्ट्रिजला आम्ही गमतीनं काडतूसच म्हणतो, आणि भावही तसाच असतो. दोन पात्यांचं १९७१ साली आलं, तीन पात्यांचं १९९८ साली, पाच पात्यांचं २००६ साली. त्यामागची युक्ती अशी, की पहिलं पातं केस पकडून किंचित वर ओढतं आणि मागचं तो कातडीच्या पातळीखाली कापतं. हात फिरवल्यावर मऊ लागतं ते म्हणूनच. पण ज्यांचे केस राठ आणि कुरळे आहेत, त्यांच्या मानेवर तोच कापलेला केस वळून कातडीत घुसतो आणि फोड उठतात. कडक कॉलर, हेल्मेटचा पट्टा, घाम आणि वर रोजची दाढी, म्हणजे ते फोड कधी बरेच होत नाहीत. जैसलमेरकडच्या पोस्टिंगमध्ये माझी मान अशी झाली होती, की आमच्या मेडिकल ऑफिसरनं मलमाची चिठ्ठी लिहिता लिहिता विचारलं, "सर, एका पात्यानं करून बघाल का?"

बाजारात एका जुन्या दुकानात रेझर मिळाला, तीनशे रुपयांच्या आत. ब्लेड एक, ते पाच-सहा दाढ्या चालतं आणि पाच रुपयांतही पैसे परत येतात. हिशेब ज्याचा त्यानं करावा.

पहिला धडा मात्र पाण्यानं दिला. वाळवंटातलं बोअरचं पाणी जड. त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे साबणाचा फेस न होता साका होतो, ब्रश कितीही फिरवा. पिण्याच्या फिल्टरचं वाटीभर पाणी घेतलं आणि त्याच साबणाला दह्यासारखा फेस आला. पुढे डोंगरात बदली झाली, तिथलं झऱ्याचं पाणी इतकं मऊ, की साबण निम्मा पुरला. वीस वर्षं मी देशभरचं पाणी प्यायलो, त्याची अशी ओळख झाली नव्हती.

करायचं काय, तर दोन-तीन मिनिटं कोमट पाण्यानं चेहरा भिजवायचा, म्हणजे केस पाणी पिऊन मऊ होतो. ब्रशनं फेस गालावर गोल फिरवत चढवायचा. रेझर कातडीशी साधारण तीस अंशांत, आणि दाबायचा अजिबात नाही, त्याचं स्वतःचं वजन पुरे. इथेच फौजी अडतो. प्रत्येक गोष्टीला जोर लावायची सवय असते ना! आधी केसांच्या दिशेनं, पुन्हा फेस लावून आडवं. उलटं फिरवायचं की नाही ते मानेला विचारून ठरवावं. माझ्या मानेवर डावीकडे केस खालून वर उगवतात आणि उजवीकडे कानाकडे वळतात. हा नकाशा करायला आठवडा लागला, आणि नकाशे वाचणं हा आमचा धंदा आहे. मानेवरचे फोड दीड महिन्यात गेले.

या नादाची एक बाजू मला मुळीच पटत नाही. बिज्जूच्या केसांचे हजारो रुपयांचे ब्रश, परदेशी साबणाच्या डब्यांची रांग, सतरा रेझरांचं कपाट. तो संग्रह झाला, त्यात दाढी कुठे आहे? आपल्याकडे ही गोष्ट कधी चैनीची नव्हतीच. गावोगावचे कारागीर आजही दुधारी ब्लेड मधोमध मोडून अर्धं वस्तऱ्यात बसवतात, प्रत्येक गिऱ्हाइकाला नवं. त्यांच्यामुळेच हे ब्लेड आपल्या टपरीवर सहज मिळतं. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधून सुपरमॅक्सची ब्लेडं परदेशांत गेली, ती काही छांदिष्टांसाठी नव्हे. एकच सांभाळायचं, वापरलेलं ब्लेड कचऱ्यात सुटं टाकायचं नाही, कारण कचरा उचलणाऱ्याच्या हाताला हातमोजा असतोच असं नाही. जुन्या डब्याला फट पाडून त्यात साठवा. आणि विमानानं रजेवर जाताना ब्लेडं हातातल्या बॅगेत ठेवू नका, काढून घेतात.

मला या सगळ्यात खरी काळजी आहे ती वेगळीच. आपला शिपाई चाळिशीच्या आसपास, कधी त्याआधीच घरी जातो. सातारा-कोल्हापूरकडचे माझे कितीतरी जुने सहकारी निवृत्तीनंतर सहा महिन्यांत ओळखू येत नाहीत. दाढी वाढवणं हा ज्याचा त्याचा हक्क आहे, हौसेनं राखलेली दाढी वेगळी कळते. मी बोलतोय ती आपोआप वाढलेल्या दाढीबद्दल. ज्या कामाचं एकमेव कारण तपासणी होतं, ते तपासणी संपल्यावर का करावं? दाढी गेली, मग पहाटेचं उठणं गेलं, मग चालणं गेलं. एका वहिनींनी मला फोनवर सांगितलं होतं, "साहेब, हे दिवसभर ओट्यावर बसून असतात, आरशातसुद्धा बघत नाहीत."

निरोपाच्या बडाखान्यात आपण काय देतो? भिंतीवरचं घड्याळ, नाहीतर चांदीचा मुलामा दिलेली तोफ. ज्याच्या आयुष्यातली वेळेची सक्ती त्या दिवशी संपते, त्याला घड्याळ! माझ्या हातात असेल तिथे मी आता ब्रश, रेझर, शंभर ब्लेडं आणि तुरटीचा खडा देतो. देण्याआधी सहा महिने शिकवतोही, कारण नुसती वस्तू दिली तर ती शोकेसमध्येच जाईल. याला कुणी हसलं तर हसू दे. सगळ्यांनाच हे लागू पडेल असा दावा नाही, कुणाला शेती पुरते, कुणाला तालीम. पण अजून नोकरीत असणाऱ्यांनी आपापलं काम आत्ताच शोधायला हवं. निवृत्तीच्या आदल्या रात्री ते सापडत नाही.

मागच्या पावसाळ्यात त्याच घरून फोन आला, या वेळी खुद्द सुभेदार साहेबांचा. मला वाटलं, पेन्शनचं काहीतरी अडलं असेल.

"सर, तुरटी आधी लावायची का तोंड धुतल्यावर? दोन दिवस झाले, चरचरतंय."

"धुतल्यावर, साहेब. गार पाण्यानं. आणि मिनिटभर ठेवून परत धुवा. चरचरतंय म्हणजे हात जड पडतोय."

"तेच म्हणलं," ते म्हणाले, आणि फोन ठेवून दिला.