रविवार कोणत्या गावचा?

माझा मुलगा 2022 साली बायको-मुलीसह नैरोबीला राहायला गेला, तेव्हा चंद्रपुरात आमच्या घरी भेटायला येणारा प्रत्येक जण एकच प्रश्न विचारी, ‘‘आफ्रिकेत? आणि तिथल्या वाघ-सिंहांचं काय?’’ आफ्रिकेत वाघ नसतात, ही गोष्ट सोडून द्या. पण हा प्रश्न चंद्रपूरकरांनी विचारावा, याची मला मोठी मौज वाटे. आमच्या वीज केंद्राच्या आवारात वाघ दिसतात, ताडोबा हाकेच्या अंतरावर. नैरोबीचे राष्ट्रीय उद्यानही असेच शहराला खेटून आहे. तेव्हा जनावरांच्या बाबतीत पोराने काही फारसे गाव बदललेले नाही.

अडचण आली ती भलत्याच बाजूने. रविवारच्या.

परक्या मुलखात कामाचे दिवस आपले आपण निघून जातात. ऑफिस, शाळा, डबे, गृहपाठ. रविवारी सकाळी चहा झाला की मात्र तिघेही एकमेकांच्या तोंडाकडे पाहत बसत. पुण्यात असताना रविवार कसा घालवायचा, हा प्रश्नच कधी पडला नव्हता. कोणाकडे बारसे, कोणाकडे साखरपुडा, नाहीच काही तर नाटकाची तिकिटे. सून एकदा फोनवर म्हणाली, ‘‘आई, शनिवारी संध्याकाळपासूनच मला धास्ती वाटायला लागते.’’

मग यावर आम्ही एक तोड काढली. नैरोबीचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे. त्यांचे दहा वाजले की आमचे साडेबारा. दर रविवारी त्या वेळी व्हिडिओ कॉल सुरू होई. मी काय शिजवले, शेजारी कोण आले, कोणाच्या लग्नात काय झाले, सगळे सांगून होईपर्यंत दीड-दोन तास सहज जात. त्यानंतर सुनेच्या माहेरचा फोन. त्यांची सकाळ संपे आणि पोरांचा रविवार आपण सावरला, म्हणून मला धन्य वाटे.

असे वर्षभर चालले. मग एका रविवारी माझी नऊ वर्षांची नात पडद्यासमोर आली ती डोक्यावर सायकलचे हेल्मेट घालूनच. ‘‘आजी, लवकर बोल ना. शेजारचे सगळे कारुराला निघालेत.’’ मी म्हटले, ‘‘अगं, आत्ताच तर फोन लावलाय.’’ ती काही बोलली नाही. हेल्मेट काढून मांडीवर घेऊन बसली आणि माझे ऐकत राहिली.

ते हेल्मेट पाहून मला अहेरी आठवली.

गडचिरोली जिल्हा 1982 साली चंद्रपुरातून वेगळा झाला. त्यानंतर दोन वर्षांनी यांची बदली अहेरीला झाली. मी नागपूरची. रविवार म्हणजे सीताबर्डी आणि मॅटिनी, एवढेच मला ठाऊक. अहेरीत पहिल्या वर्षी मी एकच काम नेटाने केले, नागपूरची एसटी गाठण्याचे. जाता-येता अंग आंबून जाई, रविवारचे जेवण माहेरी घाईघाईत उरके आणि सोमवारी पुन्हा ते परके घर. पुढे पावसाळा आला, नाल्यांना पूर आले, रस्ते बंद झाले. सलग चार-पाच रविवार मी तिथे अडकून पडले. चिडून, रडून झाले. शेवटी शेजारची बाई दारात उभी राहिली. ‘‘बाई, बाजारात येता का? सात्या आल्या आहेत.’’

सात्या म्हणजे पावसाळ्यात वारुळांवर उगवणारी अळंबी, हेदेखील मला माहीत नव्हते. त्या बाजारात मी वास्ते पाहिले, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब. सुकट, चारोळी, टोपल्या. एका ओळीत मराठी, दुसरीत तेलुगू, तिसरीत माडिया ऐकली. वास्ते शिजवायचे कसे, हे मला शेजारणीने खुणा करकरून शिकवले. त्या पावसाळ्यानंतर हिवाळ्यात झाडीपट्टीची नाटके आली. रात्रभर चालणारी, शेकोटी-घोंगडीसह पाहायची. पुढची तीन वर्षे मी माहेरी गेले ती दिवाळीला आणि लग्नकार्याला.

आता हे सांगते, ते थोडे कोणाला लागेल. गडचिरोलीची बदली म्हणजे शिक्षा, ही समजूत नोकरदारांत आजही पक्की आहे. राज्य सरकारी कार्यालयांना 29 फेब्रुवारी 2020 पासून पाच दिवसांचा आठवडा झाला आणि शुक्रवारी संध्याकाळी नागपूरच्या वाटेला लागणे आणखी सोपे झाले. कोणाचे आईवडील आजारी असतात, कोणाची मुले तिकडे शिकतात. त्यांना बोलण्याचा मला अधिकार नाही. पण ज्याला अशी काही अडचण नाही आणि जो तीन वर्षांत एकदाही बाजाराला गेला नाही, झाडीपट्टीचे नाटक पाहिले नाही, त्याला जिल्हा कळला कसा म्हणायचा? त्याने पाहिलेले गडचिरोली म्हणजे फायली आणि पंखा. नैरोबीच्या मराठी घरातही तेच होते आणि गंमत म्हणजे तिथे नागपूरची गाडी मीच चालवत होते, तीही दर रविवारी, अगदी वेळेवर.

आणि आपली माणसे तिथे काही आज गेलेली नाहीत. मोंबासापासूनचा रेल्वेमार्ग 1896 ते 1901 या काळात बांधला गेला, तो हिंदुस्थानातून नेलेल्या हजारो मजुरांच्या हातांनी. स्वाहिली भाषेत आजही मोटारीला ‘गारी’, दुकानाला ‘दुका’ आणि पैशाला ‘पेसा’ म्हणतात. 2017 साली केनियाच्या सरकारने तिथल्या भारतीय वंशाच्या लोकांना देशातील 44 वी जमात म्हणून मान्यता दिली. म्हणजे दार तर केव्हाचे उघडे आहे.

कारुरा हे नैरोबीच्या वस्तीतले जंगल, सुमारे हजार हेक्टरचे. ते तोडून तिथे इमारती उभ्या राहणार होत्या. वांगारी माथाई या बाईने त्याविरुद्ध झुंज दिली, 1999 साली तिथे झाडे लावायला गेल्यावर मार खाल्ला आणि 2004 साली त्यांना नोबेल शांतता पारितोषिक मिळाले. आज तिथे रविवारी बाळगोपाळांसह घरेच्या घरे फिरायला येतात. माझी नात तिथे जायला निघाली होती आणि मी तिला अमक्याच्या लग्नातला मेन्यू सांगत होते.

फोन बुधवारी करायचा, असे मी ठरवले, तेव्हा मुलगा गोंधळला. ‘‘आई, रागावलीस का?’’ सून काही बोलली नाही, पण तिचा चेहरा उतरला. तिच्यासाठी तो फोन खराच आधार होता, हे मला कळते. पहिले दोन रविवार तिला जड गेले असणार. मलाही गेले. साडेबारा वाजले की हात आपोआप फोनकडे जाई. यांनी पेपरमधून डोके वर न काढता विचारले, ‘‘पूर आलाय का नाल्याला?’’

आता बुधवारी बोलणे होते, अर्धा तास. नात रविवारचे सांगते. जंगलातली माकडे, सायकलवरून पडणे, शेजारणीने दिलेली सुकुमा विकी नावाची पालेभाजी. सुनेने परवा तिला लसणाची फोडणी दिली आणि शेजारीण वाटी घेऊन पुन्हा आली म्हणे. कशी केली, ते मी विचारून घेतले आहे. त्या जातीचा पाला चंद्रपुरात मिळत नाही. येत्या रविवारी चवळीच्या पाल्याची करून पाहणार आहे.