हेमंतातील बल आणि उत्तरेचा अंधार

परदेशी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांचे दूरध्वनी आता आपल्यापैकी बहुतेकांना येतात. कार्तिक सरत आला की स्वीडन, नॉर्वे, स्कॉटलंड, कॅनडा अशा उत्तरेकडील देशांतून एकच तक्रार निरनिराळ्या शब्दांत कानी पडते. सकाळी उठवत नाही, दहा-दहा तास झोपूनही अंग जड राहते, गोड व पिठूळ खाण्याची वासना आवरत नाही, वजन वाढते, कशात मन लागत नाही. आणि फाल्गुन-चैत्राच्या सुमारास हे सारे आपोआप ओसरते. अशा रुग्णांना तेथील डॉक्टर औषधाच्या जोडीने, कधी औषधाऐवजी, एक दिवा सुचवितात. रोज सकाळी अर्धा तास त्या दिव्यासमोर बसावयाचे, एवढीच चिकित्सा.

या दिव्याविषयी आपल्या व्यवसायात दोन प्रतिक्रिया आढळतात. पहिली उपहासाची: दिव्यासमोर बसून मनाचा रोग जातो काय? दुसरी, ‘हे तर आमचेच, सूर्योपासनेचे पाश्चात्त्य रूप’ अशी. प्रस्तुत लेखकाच्या मते दोन्ही प्रतिक्रिया सारख्याच आळशी आहेत, आणि पहिलीची किंमत मी एका रुग्णेला मोजावयास लावलेली आहे.

काही वर्षांपूर्वी स्टॉकहोमला राहावयास गेलेल्या, मूळच्या माझ्याच एका रुग्णेने वरील लक्षणे दूरध्वनीवरून सांगितली. तेथील डॉक्टरांनी दिवा सुचविला आहे, घेऊ का, असेही विचारले. हेमंत ऋतू, शीत देश, मन उदास. एवढ्यावरून मी वातप्रकोप ठरवून मोकळा झालो. दिवा राहू द्या म्हटले, आणि अश्वगंधा, ब्राह्मी घृत, रोज अभ्यंग व च्यवनप्राश अशी स्निग्ध-बृंहण योजना लिहून दिली. सहा आठवड्यांत तिचे वजन आणखी वाढले, झोप आणखी वाढली, आणि पुढेपुढे तिने दूरध्वनी करणेही सोडले. फेब्रुवारीत तिच्या पतीकडून कळले की अखेर तिने दिवा आणला व दहा-बारा दिवसांत ती सकाळी स्वतःहून उठू लागली. माझ्याविषयी तिने तक्रारीचा शब्द काढला नाही, हे मला अधिक लागले.

त्यानंतर या विषयाचे वाचन केले. अमेरिकेतील राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत काम करणारे नॉर्मन रोझेन्थाल व त्यांचे सहकारी यांनी १९८४ मध्ये अशा २९ रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध करून या व्याधीला ‘सीझनल अफेक्टिव्ह डिसऑर्डर’ हे नाव दिले. आद्याक्षरे जोडली की ‘सॅड’ होते. नाव ठेवणाऱ्यांनी गंमत साधली आहे. रोझेन्थाल स्वतः दक्षिण आफ्रिकेतून अमेरिकेत आलेले, म्हणजे उन्हाच्या देशातून उत्तरेला गेलेले. त्यापूर्वी १९८० मध्ये आल्फ्रेड लुई व सहकाऱ्यांनी दाखविले होते की घरातील नेहमीच्या पातळीच्या, ५०० लक्सच्या प्रकाशाने माणसाच्या रक्तातील मेलॅटोनिन घटत नाही, २५०० लक्सच्या प्रकाशाने मात्र घटते. म्हणजे डोळ्यांना जो उजेड पुरेसा वाटतो तो शरीराच्या घड्याळाच्या हिशेबी अंधारच असतो. मेघाच्छादित आकाशाखाली देखील दिवसा हजारो लक्स प्रकाश असतो, स्वच्छ उन्हात लाखाच्या घरात; आणि दिव्यांनी झगमगणाऱ्या कचेरीत जेमतेम तीनशे ते पाचशे. पुढे या शतकाच्या आरंभी, नेत्रपटलात केवळ पाहण्याचे काम न करणाऱ्या, मेलॅनॉप्सिन नावाचे द्रव्य धारण करणाऱ्या व निळसर प्रकाशाला विशेष प्रतिसाद देणाऱ्या पेशी निश्चित झाल्या. त्या मेंदूतील दिनरात्रीच्या घड्याळाला बाहेरची वेळ कळवितात.

दिव्याचा गुण येतो काय? रेमंड लॅम व सहकाऱ्यांनी कॅनडात ९६ रुग्णांवर आठ आठवडे तुलना केली. एका गटाला १०,००० लक्सचा दिवा रोज सकाळी अर्धा तास, दुसऱ्याला फ्लुऑक्झेटीन २० मिलिग्रॅम. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात दोन्ही गटांत सुमारे ६७ टक्के रुग्णांना सारखाच लाभ दिसला. उणीवही सांगितली पाहिजे. आपण प्रकाशात बसलो आहोत की नाही हे रुग्णापासून लपविता येत नाही, म्हणून गोळीइतकी निर्दोष चाचणी दिव्याची होऊ शकत नाही. शिवाय केली रोहन यांच्या १७७ रुग्णांवरील अभ्यासात, विचार व वर्तन सुधारणारी संवादात्मक चिकित्सा आणि दिवा हे त्या हिवाळ्यात समान ठरले, परंतु दोन हिवाळ्यांनंतर संवादचिकित्सा घेतलेल्यांत व्याधी उलटण्याचे प्रमाण कमी आढळले. दिवा बंद केला की गुणही बंद होतो. तो वसंतापर्यंत चालू ठेवावा लागतो.

आता आपल्या घरातील अडचणीकडे वळू. दक्षिणायन हा विसर्गकाल. सूर्य क्षीण, सोम बलवान, आणि हेमंतात प्राण्यांचे बल उत्तम व अग्नी प्रबळ, असे आपण पहिल्या वर्षापासून शिकतो व शिकवितो. मग स्टॉकहोममधील माणूस नेमका हेमंतातच सर्वांत दुर्बळ का होतो? हा प्रश्न टाळून चालणार नाही. माझे उत्तर असे की ऋतुचर्या ही काळाची जशी आहे तशी देशाचीही आहे, आणि तिचा देश भारतवर्ष आहे. चरकसंहिता पूर्ण करणारा दृढबल पंचनदपुरचा. उत्तरेकडील श्रीनगर घेतले तरी तेथील सर्वांत लहान दिवस जवळजवळ दहा तासांचा असतो. पुण्यात तो अकरा तासांचा. स्टॉकहोमला तो सहा तासांचा, आणि ट्रॉम्सो येथे नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येतच नाही. आपल्या आचार्यांनी क्षीण झालेला सूर्य पाहिला. नाहीसा झालेला सूर्य पाहिला नाही. क्षीण सूर्याने बल वाढते, यावरून सूर्य नसेल तर बल आणखी वाढेल असा निष्कर्ष काढणे म्हणजे लंघन हितकर म्हणून अन्नच सोडण्यासारखे आहे.

सूत्रस्थानाच्या तिस्रैषणीय अध्यायात इंद्रियार्थांच्या अतियोग, अयोग व मिथ्यायोगाची चर्चा करताना नेत्राच्या बाबतीत अतितेजस्वी वस्तू फार पाहणे हा अतियोग आणि मुळीच न पाहणे हा अयोग म्हटला आहे. उत्तरेचा हिवाळा हा मला या अयोगाच्या जवळचा वाटतो. त्याच्या जोडीला अतिनिद्रा, तंद्रा, गौरव, आलस्य, मधुराभिलाष व मेदोवृद्धी ही लक्षणे मांडली की चित्र वाताचे राहत नाही, कफ व तम यांचे होते. नेहमीच्या विषादात झोप उडते, भूक मरते, अंग सुकते, येथे उलट. ‘हेमंत म्हणजे स्निग्ध, गुरू, मधुर’ हा पाठ अशा रुग्णाला जसाच्या तसा लावला तर आपण व्याधीलाच खाऊ घालतो. माझ्याकडून तेच झाले होते.

सात्म्याचा एक वेगळाच पुरावा आइसलंडमधून मिळतो. अक्षांशाचा विचार करता तेथे या व्याधीने लोक ग्रासलेले असावयास हवेत. परंतु १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहण्यांत अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापेक्षा तेथे प्रमाण कमी आढळले, आणि कॅनडात जाऊन वसलेल्या आइसलंडवासीयांच्या वंशजांतही ते कमीच दिसले. पिढ्यान्पिढ्या जो देश सोसला तो सात्म्य झाला, असे आपण म्हणू. ज्याचे आजोबा साताऱ्याला वाढले त्याच्याकडून ही अपेक्षा करता येत नाही.

तेथील लोकांनीही हा अंधार निमूटपणे सोसलेला नाही. नॉर्वेतील ऱ्यूकान हे गाव खोल दरीत असल्यामुळे सप्टेंबरच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत तेथे ऊन उतरत नाही. २०१३ मध्ये डोंगरावर तीन मोठे, सूर्यामागे फिरणारे आरसे बसवून गावच्या चौकात ऊन पाडण्यात आले. स्वीडनमधील उमेओ शहरात २०१२ मध्ये काही बसथांब्यांवर असे प्रखर दिवे लावले गेले.

‘हे आमचेच’ म्हणणाऱ्यांना मात्र एक स्पष्ट सांगावयाचे आहे. आपला आतप आणि हा दिवा एक नव्हेत. आतप हा चरकाने अग्निरहित स्वेदाच्या दहा प्रकारांत आणि लंघनाच्याही दहा प्रकारांत गणला आहे. हेमंतचर्येतही तो अभ्यंग व जेंताक स्वेदाच्या पंक्तीला येतो. त्याचे कार्य उष्णतेचे व त्वचेच्या मार्गाने होणारे आहे. म्हणून तर ऊन पाठीवर घ्यावे असे आपले वडीलधारे सांगत. दिवा शीत आहे आणि त्याचा मार्ग केवळ डोळा. १९९८ मध्ये गुडघ्याच्या मागे प्रकाश टाकूनही शरीराचे घड्याळ सरकते असा एक निबंध मोठ्या नियतकालिकात आला होता. २००२ मध्ये अधिक काटेकोर प्रयोगात तो टिकला नाही. पाठीवर घेतलेला दिवा निरुपयोगी आहे. माहितीपत्रकात ‘प्राचीन सूर्यचिकित्सा’ असे छापून दिवा विकणारा आयुर्वेदाचा गौरव करीत नाही, फक्त दोन वेगळी द्रव्ये एका नावाने विकतो. वनस्पतीच्या बाबतीत यालाच आपण भेसळ म्हणतो.

दिवा हे द्रव्य मानले म्हणजे मात्रा, काल व अपथ्य हे प्रश्न ओघाने येतात, आणि ते विचारण्याची सवय आपल्याला चांगली आहे. मात्रा १०,००० लक्स, अर्धा तास. २५०० लक्सचा दिवा असेल तर सुमारे दोन तास. खोक्यावर छापलेले लक्स हे ठराविक अंतरावरचे असतात. दीड वीत अंतरावर १०,००० देणारा लहान दिवा हातभर दूर ठेवला की प्रकाश बराच कमी होतो. काल सकाळी उठल्याबरोबर. सायंकाळी घेतल्यास झोप उडते. डोळे उघडे असावेत, परंतु दिव्याकडे टक लावू नये. तो थोडा वर किंवा बाजूला ठेवून वाचन, न्याहारी करावी. आरंभी डोके दुखणे, डोळे शिणणे, मळमळ, चिडचिड संभवते. ज्याला पूर्वी उन्मादाचे, अवास्तव उत्साहाचे झटके येऊन गेले आहेत त्याला दिव्याने तोच झटका येऊ शकतो. हा प्रश्न दूरध्वनीवर न चुकता विचारावा, आणि असा पूर्वेतिहास असल्यास मनोविकारतज्ज्ञाच्या देखरेखीशिवाय दिवा नको. नेत्रपटलाचा विकार असल्यास आधी नेत्रतज्ज्ञ. जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार बोलून दाखविणाऱ्या रुग्णाला तर ना चूर्णावर ठेवावे ना दिव्यावर. त्याच दिवशी तेथील रुग्णालयात पाठवावे.

आपल्या औषधांना मग स्थान काय? दिव्याच्या जोडीने आहे, दिव्याऐवजी नाही. मी आता अशा रुग्णांना अभ्यंगाऐवजी कोरडे उद्वर्तन, दिवास्वापवर्जन, उष्ण जल, कटू-तिक्त रसप्रधान लघू आहार व आवश्यक तेथे त्रिकटू सांगतो. आणि दुपारच्या आत, ढग असले तरी, तासभर बाहेर चालावयास सांगतो. बाझेल येथील ॲना विर्झ-जस्टिस व सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये, सकाळी तासभर बाहेर चालण्याने या रुग्णांना मंद कृत्रिम प्रकाशापेक्षा अधिक लाभ होतो असे दाखविले आहे. व्यायाम आणि प्रकाश एकाच वेळी, तेही विनामूल्य. याच कारणाने आपल्याकडील रुग्णांना, आषाढातील झडीच्या दिवसांतसुद्धा, हा दिवा विकत घ्यावयास लावण्याचे प्रयोजन मला दिसत नाही. ओसरीत किंवा गॅलरीत बसले तरी खोलीतल्यापेक्षा कितीतरी अधिक उजेड मिळतो.

औषधविक्रेत्या बंधूंसाठी तीन गोष्टी. हा दिवा ड जीवनसत्त्व देत नाही. त्यासाठी जे अतिनील किरण लागतात ते चांगल्या दिव्यात मुद्दाम गाळलेले असतात; दोन्हींची गल्लत करून विक्री होत असल्याचे मी पाहिले आहे. दुसरे, परदेशी पाठविण्याच्या पुड्या बांधताना त्या देशाचा नियम पाहावा. डेन्मार्कने २०२३ मध्ये पूरक आहारातील अश्वगंधेवर बंदी घातली आहे, आणि अडकलेल्या पुडक्याचा जाब रुग्णाला द्यावा लागतो. तिसरे सर्वांत महत्त्वाचे. श्वित्रासाठी बाकुची घेणाऱ्या रुग्णाच्या शरीरात सोरॅलेन असते, आणि ते अतिनील प्रकाशाशी संयोग पावून त्वचा भाजते. किरण न गाळणाऱ्या स्वस्त दिव्यासमोर असा रुग्ण रोज अर्धा तास चेहरा धरून बसला तर काय होईल, हे बाकुचीच्या लेपानंतर उन्हात बसवून फोड आणणाऱ्या आपल्याला कोणी शिकवावयास नको. तेव्हा परदेशी जाणाऱ्या बाकुचीच्या प्रत्येक पुडीवर, दिवा वापरीत असल्यास आधी वैद्यांना कळवावे, एवढी एक ओळ लिहिण्याची सवय लावून घ्यावी, अशी माझी विनंती आहे.