माऊस हलत नाही? मारा फॉरमॅट!

आमच्या उमरखेडात कॉम्प्युटरच्या सगळ्या दुखण्यांवर एकच औषध... फॉरमॅट मारा. आणि मशीनवर लिनक्स असेल तर विचारूच नका! माऊस चालत नाही म्हटलं की लगेच, "हे लिनक्स काढा भाऊ, विंडोज टाकून देतो." आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी! त्यात दुकानाचा हिशोब गेला, पोरांचे फोटो गेले, तरी फॉरमॅट मारणाऱ्याचं काय जातंय?

अहो, निदानाला दहा मिनिटं पुरतात. आधी तोच माऊस दुसऱ्या मशीनला लावून बघा. तिथेही मेलेला असेल तर लिनक्सला शिव्या कशाला? तिथे चालला, तर इथे हब काढून थेट मशीनच्या पोर्टमध्ये लावा. तरीही ढिम्म? उबुंटूवर कंट्रोल-ऑल्ट-टी दाबलं की टर्मिनल उघडतं, त्याला माऊस लागत नाही. तिथे 'एलएसयूएसबी' ही कमांड द्या. यादीत वायरलेस माऊसचा रिसीव्हर दिसतोय पण बाण हलत नाही, तर सेल बदला, माऊसच्या पोटाखालचं बटण बघा. यादीत काहीच नाही, तर 'सुडो डीमेसेज' देऊन शेवटच्या ओळी वाचा. उणे 71 किंवा उणे 110 अशी एरर दिसली तर दोष बहुतेक वेळा वायरीत, पोर्टात किंवा कमी पडणाऱ्या विजेत असतो. तो विंडोज टाकून कसा जाणार? माऊस थोडा वेळ चालून झोपत असेल, तर पॉवरटॉपसारखं टूल यूएसबीची वीज वाचवत नाही ना, ते तपासा.

पण हे शिकवलं कोणी? 2001 पासून गावोगाव एमएस-सीआयटी झालं. त्यातलं 'एमएस' म्हणजे महाराष्ट्र स्टेट, पण शिकवलं काय, तर मायक्रोसॉफ्टचं विंडोज आणि ऑफिस! तिकडे केरळच्या सरकारी शाळांतली पोरं लिनक्सवर शिकतात. त्यांचे माऊस काय वेगळ्या मातीचे असतात?

आणि हा वाद नुसता हौशी लोकांचा राहिलेला नाही. विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. टीपीएम 2.0 नसलेल्या जुन्या मशीनवर विंडोज 11 अधिकृतपणे बसत नाही. म्हणजे एक तर चालतं मशीन भंगारात घाला, नाहीतर चोरीची कॉपी टाका. लिनक्सचा फुकटचा, सरळ रस्ता मात्र एका माऊसपायी बंद!

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी कोणी फॉरमॅट म्हणालं तर एवढंच म्हणा, "आधी एलएसयूएसबीत काय दिसतंय ते दाखवा. मग बोलू."