शेवटच्या दिवसांचा आधार

दिल्लीतल्या ‘एम्स’समोरच्या पदपथावर चटई अंथरून बसलेली कुटुंबे नेहमी दिसतात. दूरदूरच्या गावांहून आलेली ही माणसे आपल्या रुग्णाला पुन्हा पुन्हा एकच धीर देतात, ‘तुला काही होणार नाही.’ आपल्या घरात तरी वेगळे काय घडते? असाध्य आजाराचे निदान झाले की रिपोर्ट लपवले जातात, डॉक्टरांना बाजूला घेऊन कुजबुज होते. ज्याचे आयुष्य सरत आले आहे, त्याच्याशी मात्र कोणी मोकळेपणाने बोलत नाही. त्याला स्वतःला कशाचा आधार वाटतो, हे विचारायचे राहूनच जाते.

अशा वेळी पंडिता रमाबाई आणि त्यांची लेक मनोरमा या मायलेकींची आठवण होते. रमाबाईंचे सामाजिक कार्य आपण शाळेत शिकतो. पण त्यांच्या अखेरच्या वर्षाविषयी फारसे बोलले जात नाही.

मरण रमाबाईंना नवे नव्हते. दुष्काळाच्या दिवसांत आईवडील आणि थोरली बहीण गेली. १८८० मध्ये भाऊ गेला. १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी कॉलऱ्याने वारले, तेव्हा मनोरमा वर्षाचीही नव्हती. पुढच्याच वर्षी इंग्लंडमधील वाँटेज येथे मायलेकींनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. मात्र ही श्रद्धा डोळे मिटून स्वीकारलेली नव्हती. ज्या भगिनींच्या आश्रयाला त्या राहिल्या, त्यांच्याशीही रमाबाईंनी धर्ममतांवर पत्रांतून कडाडून वाद घातला. कोणीतरी सांगते म्हणून मान डोलवायची, हे त्यांना मान्य नव्हते.

मनोरमाबाई इंग्लंड-अमेरिकेत शिकल्या, पुढे मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या आणि केडगावच्या मुक्तिसदनात आईचा उजवा हात बनल्या. शेकडो मुलींचा हा संसार आईमागे त्याच सांभाळणार, असे सगळेच धरून चालले होते. पण त्यांचे हृदय दुबळे झाले. २४ जुलै १९२१ रोजी, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

रमाबाई तेव्हा त्रेसष्ट वर्षांच्या होत्या. कानांनी जवळजवळ ऐकू येत नव्हते, शरीर थकले होते. एकुलती एक लेक आणि तिच्याबरोबर उद्याची सारी तजवीज गेली होती. त्या काळात त्यांना उभे ठेवले ते प्रार्थनेने आणि हातातल्या कामाने. हे काम म्हणजे बायबलचे मराठी भाषांतर. त्यासाठी त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या होत्या. जुने भाषांतर संस्कृतप्रचुर आहे, खेड्यातल्या अल्पशिक्षित बाईला ते समजत नाही, ही त्यांची तक्रार होती. म्हणून आपल्या पांडित्याला मुरड घालून त्या साध्या बोलीतले शब्द शोधत. छपाईचे काम केडगावच्याच छापखान्यात मुली आणि बायका करत.

श्वासनलिकेच्या विकाराने त्या खंगत गेल्या, तरी मुद्रिते तपासणे थांबले नाही. काम हातावेगळे होण्यापुरते आयुष्य त्यांनी देवाजवळ मागितले आणि शेवटचे मुद्रित तपासून झाल्यावर काही तासांतच त्यांनी डोळे मिटले, असे चरित्रकार सांगतात. तो दिवस ५ एप्रिल १९२२. लेकीला जाऊन नऊ महिनेही झाले नव्हते. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

श्रद्धेने मनोरमाबाईंचे हृदय बरे केले नाही, की रमाबाईंचा आजार हटवला नाही. औषधाची जागा श्रद्धा घेऊ शकत नाही, हे आपणही विसरता कामा नये. पण उद्या सकाळी उठून काय करायचे, या प्रश्नाचे उत्तर रमाबाईंना तिने शेवटपर्यंत दिले. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला अनेकदा नेमके याच उत्तराची गरज असते.

आज वैद्यकशास्त्रही हे मान्य करते. १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू करणाऱ्या डॉ. सिसिली सॉन्डर्स स्वतः श्रद्धावान ख्रिस्ती होत्या. रुग्णाची वेदना केवळ शरीराची नसते. मनाची, घरच्या काळजीची आणि श्रद्धेचीही असते, असे त्यांनी मांडले. आपल्याकडे १९८६ मध्ये मुंबईत वांद्र्याला ‘शांती आवेदना सदन’ सुरू झाले. त्याची शाखा दिल्लीतही आहे. ख्रिस्ती भगिनी तेथे कॅन्सरच्या अखेरच्या अवस्थेतील रुग्णांची विनामूल्य सेवा करतात आणि ती करताना कोणाची जात वा धर्म पाहत नाहीत. ‘कॅनसपोर्ट’ या संस्थेची पथके दिल्ली परिसरात रुग्णाच्या घरी जाऊन वेदनाशमनाचे काम करतात. रुग्णाला घरीच राहायचे असेल, तर अशी मदत घेण्यात कमीपणा नाही.

उरते ती आपली जबाबदारी. आजारी माणसाची श्रद्धा आपल्यासारखी असेलच असे नाही. सुनेला चर्चमध्ये प्रार्थना हवी असेल आणि सासूबाईंना हरिपाठ. कोणाला यातले काहीच नको असेल, फक्त कोणीतरी जवळ बसावे इतकेच वाटत असेल. तिथे आपला हट्ट चालवू नये. ‘काही होणार नाही’ असे म्हणण्याऐवजी ‘तुला काय हवे आहे?’ असे एकदा विचारावे आणि मिळालेले उत्तर शांतपणे ऐकून घ्यावे.