नळी लांब, नजर आखूड

पक्ष्यांचे फोटो काढण्याचा छंद आता थोड्याथोडक्यांचा राहिलेला नाही. हिवाळ्यातल्या एखाद्या रविवारी भिगवणला उजनीच्या पाणफुगवट्यावर जाऊन पाहावे. काठावर कॅमेऱ्यांचीच दाटी! छंद उत्तम आहे, त्याला माझा नमस्कार. माझे भांडण आहे ते त्याच्या आरंभीच मानगुटीवर बसणाऱ्या खुळाशी. दिवाळीचा बोनस हाती पडला की नवशिका पहिला प्रश्न विचारतो तो "कोणता पक्षी?" हा नव्हे, तर "किती मिलिमीटर?" हा! आणि त्याला उत्तरही ठरलेले मिळते : लेन्स जितकी लांब, तितका फोटो चांगला. हे अर्धसत्य आहे, आणि अर्धसत्य निव्वळ असत्यापेक्षा महाग पडते.

त्यातले सत्य आधी मान्य करतो. शिंजीर हा बोटभर पक्षी; मोबाइलने टिपू पाहाल तर पानांत एक ठिपका तेवढा उमटेल. 300-400 मिलिमीटरची लेन्स हवीच. परंतु तेथून 600 कडे धाव घेणाऱ्यांनी शाळेतले त्रैराशिक आठवावे. 60 मीटरवरचा पक्षी 600 च्या लेन्सने जेवढा मोठा येतो, तेवढाच तो 30 मीटरवरून 300 च्या लेन्सने येतो. अंधुक उजेडातही चालणारी उत्तम प्रतीची 600 ची लेन्स आज दहा लाख रुपयांच्या वर जाते, आणि वजनाला तीन किलोच्या आसपास भरते. ढोबळ हिशेबाने एकेका मीटरला तेहतीस हजार रुपये! धीर धरणारा माणूस हेच तीस मीटर फुकट मिळवतो.

कसे, ते वेड्या राघूला विचारा. तो तारेवरून उडतो, किडा पकडतो आणि बहुधा त्याच तारेवर परत येऊन बसतो. हे ज्याला ठाऊक आहे तो सूर्य पाठीशी घेऊन मुकाट्याने बसून राहतो. ज्याला ठाऊक नाही तो मागे धावतो, आणि पळत्या पक्ष्याची शेपटी दहा लाखांच्या भिंगातून सुस्पष्ट टिपतो! इंग्लंडातल्या कीर्टन बंधूंनी 1892 साली घरट्यातल्या अंड्यांचा फोटो घेतला आणि पुढे पक्षी बुजू नयेत म्हणून पोकळ बैलाचे सोंग करून ते त्यात दडून बसले. त्यांचे यंत्र आजच्या स्वस्तातल्या कॅमेऱ्यापुढेही खेळणे ठरेल. त्यांची बैठक मात्र कोणत्या दुकानात मिळते?

हा प्रश्न केवळ पैशांचा असता तर मी लेखणी उचलली नसती. ज्याने ऋण काढून हा सण मांडला त्याला फोटो वसूल करायचा असतो. मग थवा उडावा म्हणून होडी रोहितांच्या अंगावर घातली जाते. पावसाळ्यात विणीसाठी आलेल्या नवरंगाला मोबाइलवर त्याचीच शीळ ऐकवतात. प्रतिस्पर्धी आला असे समजून तो बिचारा झुडपाबाहेर धावतो. टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते, आणि उन्हाळ्यात पोटाची पिसे पाण्यात भिजवून आणून ती गार ठेवते. भर उन्हात तिला उठवून काढलेल्या फोटोला सुंदर म्हणायचे? 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पक्ष्यांच्या अंड्यांना वा घरट्यांना उपद्रव देणे हे शिकारीच्या व्याख्येतच घातले आहे. तेव्हा "आम्ही बंदूक नव्हे, कॅमेरा उचलतो" हा डौल घरट्यापाशी तरी मिरवू नये.

मग घ्यावे काय? आधी दुर्बीण : आठपट मोठे दाखवणारी, 42 मिलिमीटर भिंगाची. तिच्या जोडीला सालिम अलींनी 1941 मध्ये प्रथम प्रसिद्ध केलेल्या पक्षिग्रंथाची पुढची एखादी आवृत्ती. वर्षभर एकच तळे, एकच माळ पाहा. त्यानंतर वापरलेला पण धड कॅमेरा आणि 400 पर्यंत जाणारी झूम लेन्स. टेकू म्हणून तांदूळ भरलेली पिशवी पुरते. लांबी दुप्पट करणाऱ्या जोडभिंगाच्या मोहात पडू नका. ते उजेड चौथाईवर आणते, आणि उडता पक्षी टिपायला सेकंदाच्या हजाराव्या भागाची चपळाई लागते, ती उजेडावाचून येत नाही.

आणखी एक गोष्ट कुटुंबवत्सल वाचकांसाठी. दहा लाखांच्या लेन्सला घरात कोणी हात लावू देत नाही. मुले दुरून पाहतात आणि कंटाळून निघून जातात. दुर्बीण मात्र आजीपासून नातवापर्यंत सर्वांच्या हाती फिरते, आणि गच्चीवरचा दयाळ त्या घरात प्रत्येकाच्या ओळखीचा होतो.