सूनबाईंच्या पेडलांचा पाट

वाचकहो, दिवाळीच्या झाडलोटीत माळ्यावरून जे लाकूड निघते, त्याचे करायचे काय, हा प्रश्न घरोघर असतो. बायकामंडळी म्हणतात, भंगारवाल्याला द्या; पुरुषमंडळी म्हणतात, राहू दे, कधीतरी उपयोगी पडेल. हे ‘कधीतरी’ सहसा उजाडत नाही. आमच्याकडे यंदा ते उजाडले. जुन्या पलंगाच्या सागवानी फळ्यांतून मी जी वस्तू केली, ती आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिलीही नसेल. इंग्रजीत तिला पेडलबोर्ड म्हणतात. मी तिला पेडलांचा पाट म्हणतो.

आधी पेडल म्हणजे काय ते सांगतो. विजेवरची गिटार नुसती वाजवली, तर तिचा आवाज मीठ न घातलेल्या वरणासारखा लागतो. त्याला चव आणायची ती या पेडलांनी. पेडल म्हणजे एक पत्र्याची पेटी. नेहमीच्या आकाराची म्हणाल, तर सुमारे 7 सेंटिमीटर रुंद, 13 सेंटिमीटर लांब आणि 6 सेंटिमीटर उंच. वाजवणाऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले, म्हणून तिची कळ पायाने दाबायची. आमच्या सूनबाईंकडे अशी पाच आहेत. ट्यूनर सूर जुळवायला, ओव्हरड्राइव्ह आवाजाला खरखरीत धार आणायला, कोरस एका गिटारीच्या दोन वाटाव्यात म्हणून, डिले प्रतिध्वनीसाठी आणि रिव्हर्ब देवळाच्या गाभाऱ्यातल्यासारखी घुमार देण्यासाठी.

या यंत्राचा जन्मही मोठा मौजेचा आहे. 1961 साली अमेरिकेत मार्टी रॉबिन्स या गायकाचे एक गाणे प्रसिद्ध झाले. नॅशव्हिल गावी त्याचे ध्वनिमुद्रण चालू असताना यंत्रात बिघाड झाला आणि गिटारीचा आवाज फाटका निघाला. तो फाटका आवाज लोकांना आवडला! तेव्हा ग्लेन स्नॉडी या ध्वनिमुद्रकाने तोच आवाज मुद्दाम काढणारे ट्रान्झिस्टरचे मंडल जमवले, आणि 1962 साली गिब्सन कंपनीने ते ‘मेस्ट्रो फझ-टोन’ या नावाने बाजारात आणले. 1965 साली रोलिंग स्टोन्सच्या ‘सॅटिस्फॅक्शन’ या गाण्यात ते वाजले आणि घरोघरची गिटारवाली मुले पेडलांच्या मागे लागली.

आता आमच्या घरची गोष्ट. सूनबाई लग्न होऊन आल्या, तेव्हा त्यांच्याबरोबर गिटार आली आणि बुटांच्या खोक्यातून ही पाच पेडले आली. जागा आमची दोन खोल्यांची. सूनबाई कचेरीतून सातला येणार. मग खोके काढायचे, पेडले जमिनीवर मांडायची, सहा वायरी जोडायच्या, पाच अडॅप्टरांना भिंतीत जागा शोधायची. तेवढ्यात पाने घ्यायची वेळ होई, की सगळे उचलून परत खोक्यात. पहिल्या वर्षी आठवड्यातून तीनदा वाजणारी गिटार पुढे रविवारची झाली, आणि पुढे कपाटावर चढून बसली. कुणी कुणाला काही बोलले नव्हते. मग एका संध्याकाळी सूनबाई फोनवर मैत्रिणीला सांगताना कानावर आले, “पेडल्स कुणाला हवी असतील तर सांग. माझ्याकडे पडूनच आहेत.”

फोन खाली ठेवल्यावर मी विचारले, “जोडायला किती वेळ लागतो गं?”

“वीस मिनिटं, बाबा. आणि आवरायला दहा.”

“आणि वाजवायला?”

त्या हसल्या. “उरली तर तेवढीच!”

आतून आमची ही म्हणाली, “अहो, मिसळणाचा डबा नसता आणि फोडणीला दर वेळी मोहरी एका बरणीतून, हळद दुसऱ्या बरणीतून काढावी लागती, तर मी तरी रोज स्वयंपाक केला असता का?”

वाचकहो, पेडलबोर्डाची याहून सोपी व्याख्या मला कुठे सापडली नाही. तो गिटारवाल्याचा मिसळणाचा डबा आहे. सगळे एका जागी, एकमेकांना कायमचे जोडलेले. झाकण काढायचे की कामाला लागायचे. तयार पाट दुकानात मिळतात. पण त्यांना एखाद्या बऱ्या पेडलाएवढे पैसे पडतात, आणि त्यांत चार पट्ट्यांपलीकडे फारसे काही नसते.

कृती अशी. आधी पेडले जमिनीवर वर्तमानपत्र पसरून त्यावर मांडावीत आणि पेन्सिलीने कडा आखाव्यात. शेजारच्या दोन पेडलांत वायरीच्या टोकासाठी 4 सेंटिमीटर जागा सोडावी. पुढे तीन व मागे दोन अशा दोन ओळींत आमची पाच पेडले 45 सेंटिमीटर लांब आणि 30 सेंटिमीटर रुंद जागेत सुखाने बसली. त्या मापाच्या, 6 सेंटिमीटर रुंद आणि 18 मिलिमीटर जाड अशा चार पट्ट्या कापाव्यात. दोन पट्ट्यांत 2 सेंटिमीटरची फट ठेवावी, म्हणजे वायरी खाली उतरतात आणि प्रत्येक पेडल बरोबर दोन पट्ट्यांवर बसते.

पाट पुढून सखल, मागून उंच हवा. नाहीतर मागच्या ओळीची कळ दाबताना पुढचे पेडल दाबले जाते. बाजूच्या दोन आधारांसाठी 30 सेंटिमीटर लांब व 12 सेंटिमीटर रुंद अशी एकच फळी घ्या. एका टोकाला 3 सेंटिमीटरवर आणि दुसऱ्या टोकाला 9 सेंटिमीटरवर खूण करून तिरपी करवत चालवा. दोन सारखे आधार निघतात, तुकडा वाया जात नाही. सागवान तडकू नये म्हणून स्क्रूआधी गिरमिटाने भोक पाडावे. रंधा आणि पॉलिशपेपर मारावा, आणि खाली चार रबरी टिकल्या लावाव्यात, म्हणजे पाट फरशीवर सरकत नाही.

पेडले पाटाला चिकटवायची ती वेलक्रोने. ही पट्टी म्हणजे आघाड्याचीच विद्या. स्वित्झर्लंडचे जॉर्ज द मेस्त्राल 1941 साली शिकारीहून परतले, तेव्हा कुत्र्याच्या अंगाला अशीच चिकट बोंडे लागलेली. त्यांनी ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, आकडे दिसले, आणि 1955 साली या पट्टीचे पेटंट मिळवले. सगळ्या पेडलांना पट्टीची एकच बाजू लावा, म्हणजे पुढे अदलाबदल करता येते.

जोडणीचा क्रम महत्त्वाचा. पेडलात आवाज बहुधा उजवीकडून शिरतो आणि डावीकडून निघतो, उर्दू लिहिल्यासारखा. म्हणून ट्यूनर पहिला, उजव्या हाताला. मग ओव्हरड्राइव्ह, मग कोरस, डिले आणि शेवटी रिव्हर्ब. फोडणी आधी, कोथिंबीर शेवटी. डिलेनंतर ओव्हरड्राइव्ह ठेवलात, तर सगळे प्रतिध्वनी एकात एक कालवले जातात. कुणाला तेच हवे असेल, तर तो त्याच्या रुचीचा प्रश्न.

आता विजेचे. हा भाग कृपा करून दोनदा वाचा. बहुतेक पेडलांना 9 व्होल्टचा एकदिश प्रवाह लागतो आणि त्यांच्या पिनेचा मधला भाग ऋण असतो. आपल्या घरातल्या इंटरनेटच्या पेटीचा अडॅप्टर दिसायला तसाच; पण त्याचा मधला भाग बहुधा धन असतो, आणि पुष्कळदा तो 12 व्होल्टचा असतो. तो खुपसला, तर पेडल कायमचे मुके व्हायची धास्ती. दोन्हींवरील चिन्हे ताडून पाहा. साधे ओव्हरड्राइव्ह पाच-दहा मिलिअँपिअरवर भागवते; पण काही डिजिटल डिले-रिव्हर्ब शंभरापासून तीनशेपर्यंत मागतात. सगळ्यांची बेरीज करून त्याहून मोठा पुरवठा घ्यावा.

एका अडॅप्टरवरून सगळ्या पेडलांना माळेने वीज देता येते. पण ते चाळीतल्या एका नळावर सगळ्या बिऱ्हाडांनी पाणी भरण्यासारखे. एकाची गुणगुण दुसऱ्याच्या कानी पडते. जिथे प्रत्येक तोंड स्वतंत्र असते, असा ‘आयसोलेटेड’ पुरवठा थोडा महाग पडतो, पण गुणगुण पुष्कळ कमी होते. पाटात पैसे वाचले, ते मी इथे घातले. तो पुरवठा पाटाखाली मागच्या उंच बाजूला बसतो. मात्र 230 व्होल्टची कोणतीही पेटी घरी उघडू नये. अँप्लिफायर तीन पिनांचाच असावा आणि भिंतीतले अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्यावे. गिटारीच्या तारा त्या अर्थिंगशी जोडलेल्या असतात आणि वाजवणाऱ्याची बोटे त्या तारांवर असतात; एवढे सांगितले, म्हणजे पुरे.

दोन रविवारांत काम झाले. वजन भरले चार किलोच्या आतबाहेर. हिने जुन्या सतरंजीची पिशवी शिवून दिली. आता पाट दिवाणाखाली असतो. बाहेर ओढायचा, एक प्लग भिंतीत, एक वायर गिटारीत, एक अँप्लिफायरात. घड्याळ लावून पाहिले, दोन मिनिटे. सूनबाई कचेरीतून आल्या, की चहा होईस्तोवर वाजवतात. कधी हेडफोन लावून, कधी मोकळ्याने. पेडले विकण्याची भाषा पुन्हा निघाली नाही. उलट सहाव्या पेडलाला जागा होईल का, अशी चौकशी आली आहे. मागच्या ओळीत जागा आहे!

आपल्याकडे गिटार नसेल. पण कुणाची पेटी पलंगाखाली असेल, कुणाचा तबला माळ्यावर, कुणाचे शिवणयंत्र चादरीखाली. ते माणूस आताशा का वाजवत नाही, का शिवत नाही, याची कारणे आपण मोठमोठी शोधतो: वेळ नाही, हौस गेली, संसार वाढला. या सुटीत एक करा. ती वस्तू काढून कामाला लागायला किती मिनिटे लागतात, ते घड्याळ लावून मोजा. आकडा वीसच्या पुढे गेला, तर माळ्यावरचे लाकूड भंगारवाल्याला देऊ नका.