कार्डावर नसलेला प्रश्न

जानेवारी 2014 मध्ये घाटकोपर स्थानकातल्या अपघातात मोनिका मोरे हिने दोन्ही हात गमावले. ऑगस्ट 2020 मध्ये परळच्या ग्लोबल रुग्णालयात तिला नवे हात बसवले गेले. अशा प्रत्यारोपणाआधी रुग्णाची मानसिक तपासणी करणं ही जगभर ठरलेली पायरी आहे. मज्जातंतू दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर वाढतो, म्हणून नव्या हातात हालचाल यायला फार काळ जातो. तेवढा काळ हा माणूस तग धरेल का, हे आधी पाहावंच लागतं.

दुचाकीवरून पडून मानेजवळचं नसांचं जाळं तुटलेल्या लालबागच्या पोराची नसही त्याच वेगाने वाढते. त्याच्या पायातली नस काढून मानेत जोडतात, नाहीतर बरगड्यांमधल्या नसा दंडाकडे वळवतात. टाके लवकर निघतात. कोपर हलायला कित्येक महिने लागतात. तोवर हात लोंबकळतो, रात्रभर आग होते, नोकरी सुटते. घरचे म्हणतात, ‘मनावर घेऊ नकोस.’

त्याचं डिस्चार्ज कार्ड पाहा. ड्रेसिंग कधी, झोळी किती दिवस, फिजिओथेरपी कुठे, सगळं लिहिलेलं. रात्रीच्या गोळ्यांत अनेकदा अ‍ॅमिट्रिप्टिलिन असतं. मुळात हे नैराश्यावरचं औषध. कमी मात्रेत ते नसांच्या वेदनेवर देतात. म्हणजे मानसोपचारातली गोळी कार्डावर आली. मन कसं आहे, हा प्रश्न मात्र आला नाही.

तो केवळ दयेपोटी विचारायचा नाही. बरगडीची नस दंडाला जोडली की सुरुवातीला कोपर वाकवायला खोल श्वास घ्यावा लागतो. मेंदू ही नवी वाट सरावानेच शिकतो. त्याआधीचे कित्येक महिने हातात काहीच हालचाल दिसत नाही, तरी सांधे मोकळे ठेवायला रोज व्यायाम करायचा असतो. झोप उडालेला, खचलेला माणूस तो कशाच्या बळावर करणार? तो व्यायाम सोडतो. नस स्नायूपर्यंत पोचते तेव्हा सांधा आखडलेला असतो. मग केसपेपरवर शेरा पडतो: रुग्णाचं सहकार्य नाही. उपचारातली उणीव अशी रुग्णाच्या नावावर चढते. हा शेरा लिहिण्याआधी त्याला एकदा तरी विचारलं होतं का?

यासाठी नवी इमारत लागत नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयात प्लास्टिक सर्जरी आणि मानसोपचार हे दोन्ही विभाग एकाच आवारात आहेत. फॉलो-अपला कोपर किती अंशात वाकतो ते मोजतातच. त्याच वेळी विचारावं: झोप लागते का? जगणं नकोसं वाटतं का? उत्तर केसपेपरवर लिहावं. ते काळजीचं असेल, तर मानसोपचाराची चिठ्ठी त्याच दिवशी द्यावी. पुढच्या तारखेवर ढकलू नये.